आठ बोटांचे धडे

"भाऊ, माह्ये पुढचे धडे कुठी ठेवले बाईनं?"

धम्मशीला चार नंबरच्या मशीनवर बसली होती. मान न वळवताच तिने विचारलं. माझ्या बायकोची, जयमालाची, तेरवी होऊन दोन दिवस झाले होते आणि आमची टायपिंग इन्स्टिट्यूट मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडली होती. आठ-दहा जण आले होते. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. जयमालाची खुर्ची तेवढी सोडून सगळे आपापल्या जागी बसले होते.

"कोणते धडे?" मी विचारलं.

"पाच ते नऊ. बुधवारी घरी जाताना बाई म्हनल्या, धम्मशीला, झाले तुह्ये सगळे धडे बनवून. शनिवारी तुह्या मशिनीवर टाकून देते."

त्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी पहाटे, जयमाला गेली. झोपेतच. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. बावन्न वर्षांची होती.

मी तिच्या टेबलाशी गेलो. खुर्चीत न बसता उभ्यानेच संगणक चालू केला. मग त्याच्या आतलं दुसरं मशीन चालू केलं, कारण धडे बनवायचा प्रोग्राम तिथेच चालायचा. यादी उघडली. प्रोग्रामसोबत आलेले नेहमीचे धडे तेवढे दिसले. धम्मशीलाच्या नावाचा एकही नव्हता. शेवटच्या बदलाची तारीख तेरा जानेवारी होती. आणि बाहेर एप्रिल चालू होता.

काय झालं ते मला पहिल्याच मिनिटात कळलं. कुणी केलं तेही कळलं.

"सापडले का?" धम्मशीलाने विचारलं.

"शोधा लागतीन," मी म्हणालो. "दोन-चार दिवस दे मले."

"परीक्षा बारा जूनले हाये भाऊ."

"माहीत हाये."

ती पुन्हा चौथ्या धड्याकडे वळली. तो तिला पाठ झाला होता, तरी तोच करत बसली.

मी मोताळ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा परिचर आहे. नाव राजकुमार. शिक्षण बारावी नापास. कॉलेजने टाकून दिलेल्या संगणकांवर मी लिनक्स टाकायला शिकलो. इंग्रजी वाचता येत नव्हतं तेव्हा एकेक शब्द कोशात पाहून शिकलो. इन्स्टिट्यूट मात्र जयमालाची. धामणगाव बढ्यात अब्दुल गनींच्या घड्याळाच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेऊन तिने ती एकवीस वर्षांपूर्वी सुरू केली. आधी खडखड वाजणारी टाइपरायटरं होती, मग परीक्षा संगणकावर गेली तसे संगणक आले.

तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि अकराही मशीनवरचं विंडोज गेलं. मी सगळीकडे लिनक्स टाकलं. अडचण एकच होती. ज्या प्रोग्रामवर जयमाला शिकवायची तो विंडोजसाठी बनलेला होता आणि विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर सरळ चालत नाहीत. मध्ये वाईन नावाचा प्रोग्राम घालावा लागतो. विंडोजच्या प्रोग्रामला जे जे लागतं ते वाईन लिनक्सकडून आणून देतो आणि प्रोग्रामला काही कळत नाही, तो आपला चालत राहतो.

गनीभाईंना हे नाव कुणीतरी सांगितलं. ते जिन्यातूनच ओरडले, "राजकुमारभाऊ, आमच्या डोक्यावर वाईन चालते म्हने."

"चालते ना," जयमाला आतून म्हणाली. "तुमच्या घड्याळापेक्षा बरी चालते."

दहा मशीनवर वाईन चाललं. मराठीची जोडाक्षरं फुटायची, ती बसवायला मला पंधरा दिवस लागले. पण प्रोग्रामचा शिक्षकाचा भाग, ज्यात नवे धडे बनवता येतात, तो वाईनमध्ये उघडायचा आणि लगेच मिटायचा. बनवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ते काम मी कधीच सोडलं, आता सोलरचे पंप बसवतो. म्हणून जयमालाच्या मशीनवर मी व्हर्च्युअल मशीन टाकलं. म्हणजे लिनक्सच्या आत, एका खिडकीत, आख्खा दुसरा संगणक आणि त्यात खरंखुरं विंडोज. मुली त्याला बाईची खिडकी म्हणायच्या.

त्या खिडकीतही मुलांचे पेनड्राइव्ह लागायचे आणि पुन्हा घाण व्हायची. मग मी एक सोय केली. तेरा जानेवारीला आतलं मशीन स्वच्छ चालत असताना त्याची ती स्थिती जपून ठेवली. बंद करताना एक बारीक चौकोन येतो. त्यात खूण असली की ते मशीन जपलेल्या स्थितीवर परत जातं आणि मधलं सगळं पुसलं जातं. रविवारी सुट्टीच्या दिवशी येऊन मी ते तसं बंद करायचो. बाकीचे दिवस जयमाला ते चालूच ठेवायची.

पुसलं जातं हे तिला माहीत होतं. मीच सांगितलं होतं. शनिवारी संध्याकाळी नवं जे काही असेल ते ती मुलांच्या मशीनवर टाकायची. एकदाही चुकली नाही. पण ती गुरुवारी गेली.

धम्मशीला आमच्याकडे आली ती मागच्या दिवाळीनंतर. चौतीस वर्षांची. नवरा मोताळ्यातल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक होता, तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं. अट अशी की दिलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द. नाहीतर जागा जाणार. घरात सासू आणि सातवीतली मुलगी. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सोयाबीनच्या मळणी यंत्रात गेलेलं, लग्नाच्या आधीच.

"तुले सूट भेटत नाही का?" जयमालाने पहिल्या दिवशी विचारलं होतं. मी तेव्हा तिथेच एक माऊस दुरुस्त करत होतो.

"गेलती न दाखवाले. तिथले डॉक्टर म्हनले, बोटं गेलीत, पन अपंगाचे टक्के कमी भरून राह्यले."

"अजून किती बोटं पाहिजेत त्यायले?"

"तेच मी विचारलं बाई. हासले."

दोन वेळा ती दुसरीकडच्या केंद्रात बसून नापास झाली होती. सगळे तिला दहा बोटांचंच शिकवायचे आणि नसलेल्या बोटांचं काम उरलेल्यांपैकी कुठलंही बोट करून टाकायचं. हात अडकायचे. वेग एकोणीसच्या वर जात नव्हता.

आठ दिवसांनी एका संध्याकाळी घरी मी पाहिलं, जयमालाने स्वतःच्या डाव्या हाताची दोन बोटं कापडाच्या पट्टीने तळहाताला बांधली होती. तशीच कणीक मळत होती.

"काय झालं बोटाले?"

"काही नाही. दोन बोटं नाहीत असं समजा."

महिनाभर ती संध्याकाळी पट्टी बांधून बसायची. ताटाच्या कडेवर, मांडीवर, अंथरुणावर बोटं चालायची. मला वाटायचं, एवढं कशाला. एकदा बोललोही. "एका बाईसाठी?"

"एका बाईसाठीच तर," ती म्हणाली. "दहाजणींसाठी असतं तर पुस्तकात असतं."

मग तिने धडे बनवायला घेतले. कोणती कळ कोणत्या बोटाने, कीबोर्ड किती तिरपा, डाव्या हाताची शिफ्ट कधीच दाबायची नाही, मधल्या बोटाने वरच्या ओळीवर जाताना मनगट कसं उचलायचं. पहिले चार धडे महिन्या-दीड महिन्यात झाले आणि शनिवारी धम्मशीलाच्या मशीनवर गेले. चार धड्यांत तिचा वेग पंचवीसवर आला. पुढचे पाच, परीक्षेतल्या उताऱ्याचे, पत्राचे आणि तक्त्याचे, जयमालाने शेवटच्या तीन दिवसांत बनवले. सोमवार, मंगळवार, बुधवार. मी तिला विचारलंही नव्हतं की तू रोज एवढी उशिरा का येतेस.

शनिवारी सकाळी आम्ही राख सावडून आलो. पाहुणे अंगणात बसले होते. पूनम, आमची मुलगी, आत तिच्या आत्याजवळ होती. गनीभाईंचा फोन आला.

"भाऊ, हे सांगाचा टाइम नाही. पन वरून कवापासून पिप पिप आवाज येऊन राह्यला. सकाळपासून लाइन नाही. जळंन-बिळंन काही."

इन्व्हर्टरची बॅटरी संपत आली की तो असा वाजतो. मी किल्ली घेतली.

"बाबा, राहू द्या ना. कुनाले तरी पाठवा," पूनम म्हणाली.

"दुसऱ्याले समजत नाही ते. नीट बंद करा लागते."

वर गेलो. खिडक्या बंद, खोली तापलेली. फक्त जयमालाचं मशीन चालू होतं. बुधवारी संध्याकाळी ती चालू ठेवून गेली होती तसंच. पडद्यावर तिचा प्रोग्राम उघडा होता. वर नऊ हा आकडा आणि खाली उभ्या रेघा, तक्ता असावा. मी वाचलं नाही. तिने लिहिलेलं काही वाचण्याची त्या वेळी माझी तयारी नव्हती. इन्व्हर्टर वाजतच होता. मी खिडकी बंद करायला घेतली, चौकोन आला, रविवारची खूण त्यात होतीच. हात आपोआप बंदच्या बटणावर गेला.

घरी येऊन पूनमला म्हणालो, "नीट बंद करून आलो."

आठ दिवस मी शोधलं. कॉलेजला उन्हाळी सुट्टी लागली होती. सकाळी नऊला येऊन बसायचो. पुसलेल्या फायली परत आणणारे दोन-तीन प्रोग्राम आहेत, ते सगळे लावले. पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू करून डिस्कला हात न लावता तिच्यात पाहिलं. हजारो तुकडे आले. पाच-पाच वर्षांपूर्वीच्या मुलांचे अर्ज आले, फोटो आले, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर आला. धडे आले नाहीत. अकोल्यात डिस्कचं काम करणारा एक माणूस आहे, त्याला फोन केला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बंद केल्यावर मशीन पुन्हा किती वेळा चालू केलं?"

"तेरवीनंतर रोजच."

"मंग नाही भाऊ. त्या जागेवर दुसरं लिहिल्या गेलं असंन. पैसे घेऊन बी मी तुम्हाले हेच सांगीन."

संध्याकाळी साडेसहाला धम्मशीला ऑफिसमधून यायची. रोज विचारायची आणि मी रोज म्हणायचो, शोधून राह्यलो. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. फायली हरवल्या नव्हत्या. मी त्या पुसल्या होत्या. हे तिला माहीत नव्हतं, पूनमला माहीत नव्हतं. जगात फक्त मलाच माहीत होतं.

त्याच आठवड्यात मी चार नंबरच्या मशीनवर बसून जयमालाचे उरलेले चार धडे पाहिले. तो प्रोग्राम शिक्षक जसा टाइप करतो तसाच धडा साठवतो. तोच वेग, तेच थांबे. चुकून मागे येऊन खोडलेलं अक्षरही तसंच. पडद्यावर कीबोर्डचं चित्र असतं आणि त्यावर एकेक कळ उजळत जाते. मी पाहत बसलो. तिचा हात कसा चालायचा ते मला ठाऊक होतं. शब्द संपला की ती थोडं थांबायची आणि मग पुढचा शब्द भरकन यायचा.

तिसऱ्या धड्यात एका ठिकाणी ती नऊ सेकंद थांबली आहे. काहीच उजळत नाही. मग पुन्हा सुरू. मी फाइलची वेळ पाहिली. मार्चमधला एक सोमवार, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. मग माझा मोबाइल काढून त्या दिवसाचे कॉल पाहिले. चार वाजून सतरा मिनिटांनी मी तिला फोन केला होता. कशासाठी ते आठवत नाही. बहुतेक बाजारातून काय आणू हे विचारायला. तिने लगेच ठेवला असणार.

आठव्या दिवशी धम्मशीला आल्याबरोबर मी तिला बाहेर गॅलरीत बोलावलं. खाली गनीभाई दुकानाचं शटर अर्धं ओढून नमाजाला निघाले होते.

"धडे नाही भेटत," मी म्हणालो. "भेटणार बी नाही. ते माह्या हातानं गेले."

मग सगळं सांगितलं. शनिवार, इन्व्हर्टर, चौकोन. ती ऐकत राहिली. डावा हात उजव्या हातात धरून उभी होती. तशीच उभी राहायची तिची सवय होती, बोटं झाकून.

"तुमाले हे कवा समजलं?"

"तू विचारलं त्याच दिवशी."

"पहिल्याच दिवशी?"

"हाव."

"मंग आठ दिवस मले काऊन बसवून ठेवलं?"

"हिंमत नाही झाली," मी म्हणालो.

"तुमची हिंमत होईस्तोवर माह्ये आठ दिवस गेले न भाऊ. पुसल्या गेले त्याचं काही नाही. घरात मयत असली का मानसाले काय सुदरते? पन हे आठ दिवस तं तुमी जागेपनी घालवले." तिचा आवाज चढला नव्हता. "मले वाटलं उद्या भेटतीन, परवा भेटतीन. मी तेच चार धडे घोकून राह्यली. पहिल्याच दिवशी सांगतलं असतं तं मी दुसरीकडे कुठी तरी गेली असती."

"जा ना. अजूनबी जा. मी फी..."

"फीचं कोनं विचारलं?"

ती आत गेली, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली. त्या दिवशी मी मशीनं एकेक करून बंद केली आणि बाईच्या खिडकीच्या चौकोनातली ती खूण काढून टाकली. आता तिचा काही उपयोग नव्हता.

दोन दिवस धम्मशीला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती चार नंबरकडे न जाता सरळ जयमालाच्या टेबलाशी आली. मी तिथे स्टूल घेऊन बसलो होतो.

"सरका भाऊ," ती म्हणाली आणि जयमालाच्या खुर्चीत बसली. खोलीत बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं. तिला ते कळलं, पण उठली नाही. "मलकापूरच्या एका क्लासात जाऊन आली. तिथं म्हनले, बाई, तुमी पहिल्यापासून शिका. मी म्हनलं, पहिल्यापासून शिकाले मले दहा बोटं लागतीन." मग तिने खिडकीकडे हात केला. "इथं धडा कसा बनवतेत ते तुमाले येते?"

"बटनं माहीत हायेत. टायपिंग येत नाही."

"टायपिंग मी करतो. पाचवा मले येते. बुधवारी बाईनं माह्या हातावर हात ठेवून करून घेतलता. सहावा अर्धा येते. सातवा-आठवा आपन पाहू."

आमच्याकडे बाया कधी कधी बोलताना "करतो" म्हणतात. जयमालाही म्हणायची, रागावली की जास्तच.

असं ते सुरू झालं. रोज साडेसहा ते आठ. धम्मशीला टाइप करायची आणि मी शेजारी बसून कळ आणि बोट यांची जोडी प्रोग्रामात भरायचो. पाचवा धडा दोन दिवसांत झाला. तो मी लागलीच तीन ठिकाणी साठवला. सहाव्याचा अर्धा भाग तिला आठवत होता, उरलेल्यात हात अडकायला लागला. एका अक्षरासाठी मधलं बोट वरच्या ओळीवर गेलं की परत जागेवर येताना दुसरीच कळ दाबली जायची.

"बाई इथं काहीतरी करत होत्या," ती म्हणायची. "मनगट. मनगटाचं काहीतरी होतं."

दुसऱ्या दिवशी मी घरून येताना कापडाची पट्टी आणली. स्वतःच्या डाव्या हाताची दोन बोटं बांधली आणि तिच्या शेजारच्या मशीनवर बसलो. मला टाइप करता येत नाही म्हणून मी फक्त ती एकच उडी मारून पाहत होतो. वर आणि खाली. वर आणि खाली. गनीभाई चहा घेऊन वर आले आणि दारातच थांबले.

"हे काय भाऊ आता? तुमाले बी लागलं?"

"नाही गनीभाई. शिकून राह्यलो."

त्यांनी चहा ठेवला आणि ते माझा हात पाहत उभे राहिले. त्यांचं आयुष्य बारीक कामात गेलेलं. "कोपर अंगापासून दूर घ्या," ते म्हणाले. "मनगट उचलू नका, कोपर हालवा. पेच काढताना आमी तसंच करतो."

धम्मशीलाने कोपर दूर घेतलं. उडी बसली. पाच वेळा बसली.

"हेच," ती म्हणाली. "हेच होतं बाईचं."

ते जयमालाचंच होतं की गनीभाईंचं, मला सांगता येणार नाही.

मध्येच मला एक गोष्ट लक्षात आली. धम्मशीला सराव म्हणून जुने धडे करायची तेव्हा तिसऱ्या धड्यात एका जागी हात वर उचलायची आणि तसेच धरून ठेवायची. मी घड्याळ पाहिलं. नऊ सेकंद.

"तिथं काऊन थांबतेस?"

"बाई थांबतेत न. हाताले आराम द्याले असंन. मले तं लय बरं वाटते तिथं."

मला सांगावं की नाही कळेना. त्या नऊ सेकंदांत माझा आवाज होता, जयमालाच्या कानात. पण परीक्षेत एकेका सेकंदाला किंमत असते.

"तिथं थांबू नको," मी म्हणालो. "तो आराम नाही. मी फोन केलता तिले."

धम्मशीला माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. तेरवीनंतर त्या खोलीत मी पहिल्यांदा कुणाला हसताना ऐकलं. "दोन महिन्यांपासून मी तुमचा फोन उचलून राह्यली भाऊ," ती म्हणाली. मलाही हसू आलं. मग तिने तो धडा पुन्हा केला आणि त्या जागी थांबली नाही. मला ते पाहणं जड गेलं, पण ते बरोबर होतं.

सातवा आणि आठवा धडा आम्ही आमच्या मनाने बनवला. जयमालाने ते कसे केले असते ते आम्हाला माहीत नाही. जिथे दोन रस्ते दिसायचे तिथे धम्मशीला दोन्ही करून पाहायची आणि कमी दुखेल तो ठेवायची. मेच्या शेवटी तिचा वेग एकतीसवर गेला. एकदा तेहतीसवर. नवव्या धड्याला, तक्त्याच्या, आमच्याकडे दिवस उरले नाहीत. तक्त्यात रकान्यातून रकान्यात जावं लागतं, आकडे येतात, वरच्या ओळीच्या कळा येतात. तिथे डावा हात पूर्णच हलतो. त्यावर जयमालाचं उत्तर काय होतं, ते त्या शनिवारी माझ्यासमोर पडद्यावर होतं.

बारा जूनला मी तिला मोटरसायकलवर केंद्रावर घेऊन गेलो. तिची मुलगी करिष्माही मागे बसून आली. आम्ही दोघं बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली थांबलो. करिष्माने एकदा विचारलं, "काका, मम्मी नापास झाली तं आमाले मोताळं सोडा लागंन का?" मी म्हणालो, माहीत नाही. खोटं सांगायची माझी आता इच्छा नव्हती.

दीड तासाने धम्मशीला आली. ओढणीने कपाळ पुसलं.

"उतारा झाला. पत्र झालं. तक्ता राह्यला अर्धा."



निकाल ऑगस्टमध्ये लागला. पास. उताऱ्यात चांगले गुण होते, पत्रात बरे, तक्त्यात जेमतेम. पण पास. तिने निकालाचा कागद आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि पेढ्याचा पुडा चार नंबरच्या मशीनवर ठेवला. मग गनीभाईंना देऊन आली. पूनमला मी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आईले सांगा लागत होतं." त्याच फोनवर मी तिला चौकोनाचंही सांगितलं. तिने ऐकलं. "मले तवाच सांगाले पाहिजे होतं बाबा," एवढंच म्हणाली.

इन्स्टिट्यूट चालू आहे. शिकवायला एक बाई ठेवली आहे, ती चांगली आहे. मला वाटलं होतं की धम्मशीला आता यायची नाही. पण पुढच्या रविवारी ती आली.

"नववा राह्यला भाऊ."

"आता तुले काय कराचा? पास झाली तू."

"हापिसात दिवसभर तक्तेच असतेत. बाकी सगळं आठ बोटानं करतो, तक्ता आला का दोन बोटावर येतो. सायेब मागून पाह्यते."

ती जयमालाच्या खुर्चीत बसली, मी स्टुलावर. कोपर दूर घेऊन पाहिलं, जवळ घेऊन पाहिलं. कीबोर्ड आणखी तिरपा केला. तिसऱ्या रकान्यावर गेलं की डावा हात परत आपल्या जागी येत नाही. चार रविवार झाले. यादीत नऊ हा आकडा टाकलेला आहे. त्यापुढे अजून काही नाही.